महिपतला पुढच्या दाराने आत घेणेबाबत

दि. ११ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. अधीक्षक,
गुलमोहर स्तनतपासणी केंद्र, शहाड

विषय : श्री. महिपत पाटील यांची येत्या गुरुवारी तपासणी होणेबाबत.
संदर्भ : दारावरील ‘फक्त महिलांसाठी’ हा फलक.

महोदय,

अर्जदार सहदेव राघो भोईर (वय ५९, रा. कोपरी) याने वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात तीस वर्षे लेथ यंत्र चालवले. दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत डावीकडे गाठ आली. वजन उचलताना शीर धरली असेल, असे समजून त्याने पाच महिने बाम चोळला. पत्नी सौ. शकू आपल्या केंद्राचे माहितीपत्रक जेवताना मोठ्याने वाचू लागली, तेव्हा अर्जदाराचा घास हातातच राहिला. ‘‘अगं, हे सगळं मला आहे,’’ तो म्हणाला. ‘‘काहीतरीच! हा बायकांचा आजार,’’ असे ती म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला घेऊन शहाडला हजर झाली.

रखवालदाराने अर्जदारास नातेवाईक समजून बाहेरच्या बाकावर बसवले. पुढे नोंदणीत ‘पतीचे नाव’ हा रकाना रिकामा चालेना, म्हणून शकूने तिथे स्वतःचे नाव घातले. ‘श्रीमती सहदेव’ असा पुकारा झाला आणि अर्जदार उठताच सगळ्या बायका हसल्या. अर्जदारही हसला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्याची छाती हलकी झाली. एका आजींनी सरकून जागा दिली : ‘‘बस रे बाबा, आता तू आमच्यातलाच.’’

गाठ कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रिया झाली, गोळ्या चालू आहेत आणि अर्जदार आज ठणठणीत आहे. त्यामुळे हसण्याबद्दल त्याची काडीचीही तक्रार नाही.

मात्र कारखान्यातला त्याचा जोडीदार महिपत यालाही तशीच गाठ आहे. तो दोनदा शहाडला आला आणि फलक वाचून परत गेला. ‘‘लोक काय म्हणतील, सहदेव?’’ एवढेच विचारतो. परवा अर्जदाराने भर चहाच्या टपरीवर शर्टाची बटणे काढून त्याला आपला व्रण दाखवला, तेव्हा कुठे तो तयार झाला.

तरी गुरुवारी सदर फलक उतरवावा, ही विनंती. पुन्हा लावला नाही तर फारच उत्तम. महिपतने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आहे. त्याचे मन बदलायच्या आत कळवावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
सहदेव राघो भोईर

सोबत :
१) डॉक्टरांच्या कागदांची छायाप्रत.
२) गुरुवारी सकाळी दहा वाजता, महिपत.