पेंडलोंची पुस्तकं

३ मे
मिळालं! अनुदान मिळालं! ब्रिस्बेनचं पेंडलो फाउंडेशन हो म्हणालं. वादळानं आमच्या बेटावरच्या शाळेचं छप्पर नेल्यापासून माझं वाचनालय म्हणजे एक पत्र्याची पेटी. आता सिमेंटची खोली, कपाटं, दोन हजार पुस्तकं! मुख्याध्यापक टॉम म्हणाले, "लेमारा, आता तू मोठी बाई. आम्हाला ओळख दे म्हणजे झालं!"

१९ जून
बोट आली. खोकी उतरली. एका खोक्यात दारावर लावायची पाटी आणि एक तसबीर — दाढीवाला गोरा म्हातारा, मागे उसाचा मळा. खाली नाव. मी मोठ्यानं वाचलं: पेंडलो.
कालमेट मामा शेजारी बसून केळीच्या पानात भाजलेलं लापलाप खात होते. हात तोंडाशीच थांबला.
"हा तो. माझ्या आजोबांच्या भावाला ऑस्ट्रेलियात ज्याच्या मळ्यावर राबायला नेलं, तो. जहाजावर चढवताना म्हणाले, तीन महिन्यांत परत आणू. आजी मरेपर्यंत समुद्राकडे तोंड करून या नावाला शिव्या देत होती."
अर्जात हेच नाव मी किती वेळा लिहिलं — "आपल्या औदार्यामुळे"!

२० जून
तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली.

२४ जून
गावाची सभा. मामा कडाडले, "खोकी परत बोटीत टाका!"
लेसाले तीन मुलींची आई. ती उठली. "मामा, तुमचा राग खरा आहे. पण माझ्या पोरी एका फाटक्या पुस्तकावर भांडतात. पुस्तकांनी काय केलंय?"
मग मीच बोलले — पुस्तकं ठेवू, तसबीर नको. आणि पाटीवर पेंडलो नाही, नेलेल्या माणसांची नावं. ती फाउंडेशननंच शोधून द्यायची!
लोकांनी मान डोलावली. मामांनीही, उशिरा.
फाउंडेशनला पत्र लिहिलं. एकही शब्द मऊ ठेवला नाही. तुमच्या पूर्वजांनी आमची माणसं चोरली, असंच लिहिलं. टॉम म्हणाले, "झालं. आता ना पैसे, ना उत्तर."

८ ऑगस्ट
उत्तर नाही आलं — बाईच आली! हॅरिएट पेंडलो, फाउंडेशनची प्रमुख, त्या म्हाताऱ्याची पणती. उन्हानं लालबुंद झालेली. सभेत म्हणाली, "घरात मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुमचं पत्र आलं, मग मी जुने कागद काढले." रडली नाही, ते बरं केलं.
मामांनी एकच विचारलं, "आमचा माणूस पुरलाय कुठे?"
"माहीत नाही. शोधलं. सापडलं नाही."
मामांनी तिच्यापुढे चटई सरकवली. मग म्हणाले, "बस. जेवून घे."
निघताना तिनं माझ्या हाती एक वही दिली. आमची माणसं नेणाऱ्या जहाजावरच्या कारकुनाची. "अक्षर मला नीट लागलं नाही. नावं यात आहेत."

९ ऑगस्ट
एकतीस नावं. मामांचा माणूस सतरावा. प्रत्येक नावापुढे शेवटचा रकाना — "कोणी आणून दिला." एकतीसही ओळींत एकच नाव: कालसाऊ. बदल्यात दोन बंदुका आणि तंबाखू.
कालसाऊ म्हणजे माझ्या वडिलांचे आजोबा.
मामा दारात येऊन उभे राहिले. "मला कुठे वाचता येतं, पोरी? तूच वाच. मोठ्यानं."
वाचलं. शेवटचा रकानासुद्धा.