ट्रॅक्टरच्या पोटातलं जवसाचं तेल

४ जुलै १९६३
ही वही ग्रामसेविका बेबीताईनं देली. माझ्या लहान पोट्टीचं, शकुनचं, दुखणंखुपणं लिहाले. शकुनले काई झालं नाई. ट्रॅक्टरचं लिहितो. मी चवथी पास हाय, पण वाचणारं कोणी नाई तं चुका कोण काढते.

ट्रॅक्टर म्हणजे मोठा नाई. दोन चाकाचा, मांगून दांड्या धरून चालाचं. अमरावतीकडं एका संत्र्याच्या बगीच्यात गंजत पडला होता, शकुनच्या बाबानं आणला. गावातल्या खुशालराव मिस्त्रीनं आठ दिस बसून चालू केला. लोहारानं नांगर काढून गवत काढाचे तीन डवरे बसवले, चाकाले लोखंडी दात लावले. कापसाच्या पऱ्हाटीची डवरणी आता यानंच होईन म्हून सासऱ्यानं, मामाजीनं, बैलजोडी नणंदेच्या घरी पाठवून देली. उद्या गावासमोर चालवाचा हाय. मले फक्त पुसाले सांगतलं.

४ जुलै, दुपार
पुसला. खालचा एक बोल्ट लय मळका होता. चिंच अन् राख लावून घासला. घासता घासता फिरला अन् निघालाच. काळं तेल भदाभदा मातीत. शकुन कडेवर होती, दुसऱ्या हातानं भोक दाबता आलं नाई. म्हणजे अर्धी चूक शकुनची.

सासूले, आत्याबाईले, सांगाले गेली. झोपल्या होत्या. मांगच्या साली माझ्या हातून दूध उतू गेलं तं आठ दिस बोलल्या नाईत, अन् माहेरी धाडून देतो म्हणल्या. झोपलेल्या माणसाले उठवू नये.

४ जुलै, चार वाजता
बोल्ट आवळला. मातीवर राख टाकून सारवलं. पोट तं रिकामं ठेवता येत नाई. तेलघाणीवरून आणलेलं जवसाचं तेल होतं, ताजं. निम्मा डबा ओतला. पयलं तेल काळंकुट्ट होतं, हे पिवळंधम्मक. नीट पायलं तं मी ट्रॅक्टरचं भलंच केलं.

५ जुलै
चालला. मी म्हणतच होती.

अख्खं गाव वावराच्या कडेले, धुऱ्यावर. चार ओळी झकास डवरल्या. पाचव्या ओळीत धूर निंघाला, अन् वास आला भज्याचा. शेजारचे सूर्यभानजी म्हणाले का पंगत केव्हा हाय. आत्याबाई घराकडं पळाल्या, चुलीवर कढई रायली काय म्हून. मंग ट्रॅक्टर खरखर करून थांबला. खुशालराव म्हणाले गरम झाला, थंडा होऊ द्या. मले बी तेच वाटते. थंडा झाला का चालीन.

६ जुलै
थंडा झाला. हँडल फिरत नाई.
आज सांगतोच. यायचं, शकुनच्या बाबाचं, जेवण झालं का. भरल्या पोटी माणूस कमी चिडते.

६ जुलै, जेवणानंतर
भाजी खारट झाली. त्याच्यावरच चिडले. एका दिवशी दोन गोष्टी बऱ्या नाई.

९ जुलै
खुशालरावनं इंजिन उघडलं. आत पिवळा डिंक. त्यायनं बोटावर घेतला, नाकापाशी नेला, चुपचाप फडक्याले पुसला. यायले विचारलं का तेल कोणं टाकलं. हे म्हणाले तुमीच तं टाकलं. खुशालराव म्हणाले टाकलं मीच, पण हे नाई. हे म्हणाले मंग काय आपोआप बदललं. नकली तेल टाकलं अन् आता नाटकं करून राहिले, असं चार लोकायसमोर म्हणाले.

दोघंबी खरंच बोलून राहिले होते. मी चूल फुकत होती, तोंडात फुंकणी, म्हून बोलता आलं नाई.

खुशालराव हत्यारं पिशवीत भरून गेले. मी चहा ठेवला होता. घेतला नाई.

११ जुलै
मोझरीचा महाराजाचा आश्रम जवळच, म्हून आमच्या गावात बी सांजीले सगळे मिळून प्रार्थना करतात. आज तिथंच सांगाचं पक्कं केलं. डोळे मिटले का मले हिम्मत येते. उघडले तं समोर आत्याबाई. पुन्हा मिटले. मंग प्रार्थना संपली अन् लोकं उठले. मी मिटूनच बसली. एकजणी म्हणाली, शकुनच्या आईची भक्ती पहा.

१६ जुलै
हे अकोल्याले जाऊन आले. दुकानदार म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीचं सामान भेटत नाई. मामाजी बैल मांगाले गेले होते. नणंदेकडचे म्हणाले, आमची डवरणी झाली का घेऊन जा. पऱ्हाटीत गवत वाढून राहिलं. आता घरची सगळी माणसं खुरपं घेऊन वावरात. शकुन धुऱ्यावर झोळीत.

मले वाटते खुरप्यानंच पीक चांगलं येते. यंत्रानं मुळं दुखावत असतीन. सांगाची घाई कायले मंग.

२१ जुलै
खुशालरावची बायको पार्बताबाई विहिरीवर भेटली. त्यायच्याकडं आता कोणी इंजिन आणत नाई. गावातल्या शेषरावचा पंप बिघडला तं त्यायनं बी अमरावतीले नेला. ती सांगत होती अन् मी बादली ओढतच होती, घागर भरली तरी.

मंग घरी आली अन् पायलीभर तूरडाळ तिले नेऊन देली. तिनं विचारलं कावून देऊन राहिली वं. मी म्हणलं उरली होती. देल्यावर बरं वाटलं. सांगतल्यावानीच झालं ते.

२२ जुलै
आत्याबाईनं कोठी पायली. डाळ कमी. मी मांजरीचं नाव घेतलं. मांजर कच्ची डाळ खात नाई हे आत्याबाईले माईत हाय.

३ ऑगस्ट
पार्बताबाई डाळ परत घेऊन आली. खुशालरावनं घरात ठेऊ देली नाई म्हणे. सोमवारी त्यायच्या घरचे सगळे अकोल्याले चालले. बाजारात पोते उचलाले. इंजिनाचा माणूस, अन् पोते.

सोमवार म्हणजे परवा. आज सांगतो. नाईतं उद्या.

४ ऑगस्ट
सांगतलं.

वावरात, भाकरी खातानी. मामाजी, आत्याबाई, हे, सगळे होते. बोल्ट सांगतला, चिंच सांगतली, तेलाचा डबा सांगतला. मले वाटलं आता मार खातो, नाईतं माहेरी जातो.

हे हसले. मामाजी बी हसले. हे म्हणाले, "तुले नट अन् बोल्टातला फरक तरी समजते काय? तुयानं इंजिन बिघडते?"

मी म्हणलं डब्यात पाहा, निम्मं तेल नाई. आत्याबाई म्हणाल्या ते तं मीच चटणीले वापरलं. थेंब थेंब मोजणाऱ्या आत्याबाईच्या हातून निम्मा डबा चटणीत जाईन असं कोणाले वाटते? सगळ्यायले वाटलं.

मंग यायचं हसणं थांबलं. म्हणाले, "पार्बताबाई काल कायले आलती? हे बोलाले तिनंच शिकवलं ना तुले?"

मी नाई म्हणलं. चार खेप म्हणलं. हे म्हणाले, त्या मिस्त्रीनं बायकोले पाठवून आमच्या घरातली भोळी बाई फोडली, आता तं पक्कंच झालं का तेल त्यानंच टाकलं. सांजीले पारावर जाऊन लोकायले बी सांगतलं.

५ ऑगस्ट
सकाऊन यस्टीवर गेली, शकुनले घेऊन पळत. खुशालराव टपावर पेटी चढवत होते. मी खाली उभी राहून सगळं सांगतलं.

ते म्हणाले, "माईत हाय सूनबाई. इंजिन उघडलं तवाच जवसाचा वास आला मले, अन् पुसाले तुमीच होत्या. पण दुसऱ्याच्या सुनेचं नाव गावासमोर कसं घेऊ? तुमी घरी सांगा."

मी म्हणलं सांगतलं. काय म्हणाले, विचारलं. मी म्हणलं हसले.

त्यायनं पेटीची दोरी आवळली अन् खाली उतरले. पार्बताबाई खिडकीत होती, तिनं माझ्याकडं पायलं नाई. मंग यस्टी गेली.

घरी आली तं हे ट्रॅक्टरपाशी उकिडवे बसून. म्हणाले, गेला एकदाचा, आता अमरावतीहून चांगला मिस्त्री आणतो. बरं झालं ना गेला तो, असं मले विचारलं.

मी हो म्हणलं.