वीस, वीस, वीस

५ तारीख, सोमवार

घड्याळाचा सेकंदकाटा पुन्हा अडकला. बाकीचे दोन काटे ठणठणीत! दुरुस्तीला टाकते, टाकते म्हणत आठवडा गेला.

वॉर्डात बारा पेशंट. प्रत्येकाचा ताप, नाडी, श्वास चार्टवर चढवायचा. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे – हे पुस्तकात. प्रत्यक्षात तिसऱ्या वर्षाच्या आम्ही सगळ्या बिनदिक्कत 'वीस' लिहितो. वीस म्हणजे नॉर्मल, आणि नॉर्मलला कुणी काही विचारत नाही.

आज इन्चार्ज सिस्टरनी चार्टखालचे माझे कथेचे कागद पकडले. "गोष्टी घरी. इथे आकडे." घरी आईचं वेगळंच – नर्सिंग एक कर नाहीतर लिखाण, एक ना धड भाराभर चिंध्या!

६ तारीख, मंगळवार

सात नंबरचे काका घड्याळजी आहेत. न्यूमोनिया. जन्मभर वाकून काम करून एक खांदा खाली आलाय. पण बोलणं काय! "घड्याळ बिघडत नाही... पोरी, माणूस किल्ली... द्यायला विसरतो." माझ्या मनगटाकडे बघून म्हणाले, "दे इकडे, बघतो." मी म्हटलं, काका, आता तरी सुट्टी घ्या! हसले.

चार्टवर वीस लिहिलं आणि त्यांच्या उशाशी बसले. मला माझी कथा सापडली.

७ तारीख, बुधवार

काकांची मुलगी भेटायला आली. तिला जवळ बोलावून हळूच काहीतरी सांगत होते, आणि बघत होते माझ्याकडे. माझी तक्रार तर नाही ना!

८ तारीख, गुरुवार

कथा पूर्ण! अकरा पानं. इतकं चांगलं मी कधीच लिहिलं नव्हतं.

९ तारीख, शुक्रवार

सकाळी गेले तर सात नंबरचा पलंग रिकामा. पहाटे आयसीयूत हलवलं. डॉक्टर चार्ट उलटसुलट करत होते – "कालपर्यंत वीस, वीस, वीस. मग एकदम असं कसं?" मी ट्रे घेऊन शेजारीच उभी. तशीच आठ नंबरकडे वळले.

१० तारीख, शनिवार

काका गेले.

११ तारीख, रविवार

सुट्टी. कथा पक्की करायला बसले. दुसऱ्याच पानावर माझंच वाक्य – 'ते तीन शब्द बोलतात आणि श्वासासाठी थांबतात.' चौथ्या पानावर – 'आज दोनच.' सातव्यावर – 'बोलताना त्यांच्या नाकपुड्या फुलतात.'

हे सगळं मी पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नाही, त्यासाठी नेमका शब्द शोधत बसले होते! आणि तोच हात चार्टवर वीस लिहीत होता. पहिल्या वर्षाची मुलगीही ही लक्षणं बघून डॉक्टरांकडे धावली असती. मला ती लक्षणं सुंदर वाटली.

आईने जेवायला दोनदा हाक मारली. डोकं दुखतंय म्हणाले.

१२ तारीख, सोमवार

सिस्टरकडे गेले. चार्टचं खरं सांगितलं, कथा पुढे ठेवली. त्यांनी अकराच्या अकरा पानं वाचली. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. चष्मा काढून टेबलावर ठेवला फक्त.

"सगळ्याच वीस लिहितात. त्यांना दिसत नाही म्हणून लिहितात. तुला दिसलं होतं गं."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. लेखी जबाब द्यायचाय. तीन ओळी लिहायला दुपार गेली. एकही विशेषण नाही.

१५ तारीख, गुरुवार

काकांची मुलगी वॉर्डात आली, मला शोधत. हातात कागदात गुंडाळलेलं घड्याळ – काकांच्या दुकानातलं, मोठ्या सेकंदकाट्याचं, चालू.

"बाबांनी बुधवारीच सांगितलं होतं. म्हणाले, त्या पोरीचा सेकंदकाटा बंद आहे, मोठ्या सिस्टरना कळलं तर बोलणी खाईल बिचारी. उद्याच्या उद्या आणून दे. मलाच दुकानात जायला जमलं नाही."

मग माझा हात धरून म्हणाली, "उशीर झाला हो. माफ करा."