साडेसहाशे वॅटचा डबा आणि सोनपेठची गाडी

ताडकळस,
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

चिरंजीव हरिओम यास नर्मदाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

पुण्यात तुझी तब्येत बरी असेल असं मी धरून चालते. फोनवर विचारलं की तू ‘हं’ म्हणतोस, आणि त्या ‘हं’वरून ताप आलाय की जेवण झालंय हे काही कळत नाही. म्हणून हे पत्र. (पत्राला ‘हं’ म्हणून ठेवून देता येत नाही.) माझे गुडघे होते तसेच आहेत. दत्तराव भाऊजी, म्हणजे माझे दीर, यांनी काल बैलांना रंग दिला आणि त्यातला निम्मा स्वतःच्या धोतराला दिला. बाकी सगळं ठीक.

तुझ्या कंप्युटरचं मात्र ठीक नाही. आमच्याकडे राहून बारावी झाल्यावर तो तू इथंच ठेवून गेलास आणि त्यावरच्या खेळात मी बस चालवते, हे तुला माहीत आहे. गल्लीतल्या बायकांना माहीत नाही; त्यांना वाटतं मी पेन्शनचं काहीतरी बघत बसते. सोनपेठकडच्या कुण्या मुलानं त्या खेळात आपला परभणी-सोनपेठ रस्ता करून टाकलाय. तुझ्या मामांनी (म्हणजे आमच्या ह्यांनी) त्याच रस्त्यावर उभा जन्म एसटी चालवली, म्हणून त्यांच्या माघारी गेल्या दिवाळीत तू तो मला घालून दिलास. पण जुन्या कार्डावर झाडं म्हणजे हिरवी खोकी दिसायची आणि म्हशी नुसत्याच काळ्या. म्हणून तू तुझं वापरलेलं ग्राफिक कार्ड पाठवलंस, आणि तिथून सगळा घोटाळा सुरू झाला.

कार्ड परभणीच्या दुकानातून बसवून आणलं. गाडी स्टँडाबाहेर काढली तर काय सांगू, लिंबाच्या झाडांची सावली समोरच्या काचेवरून सरकत गेली. मी उगीच गाडी हळू केली. पुढं सोनपेठच्या अलीकडच्या वळणावर पोचले, आतला पंखा गिरणीसारखा ओरडायला लागला आणि सगळं एकदम बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा तिथंच बंद. त्या मुलानं वळणावर ऊस लय दाट काढलाय, हे कारण मला नंतर कळलं. भाऊजींनी निदान केलं की लाईटचा दाब कमी आहे, आणि शेतातल्या मोटारीचा स्टॅबिलायझर आणून जोडला. आता ऊस आला की कंप्युटर बंद पडायचा आणि स्टॅबिलायझर एकटाच गुणगुणत राहायचा.

शेवटी दोघं पुन्हा परभणीला गेलो. दुकानदारानं सगळं ऐकून विचारलं, “काकू, खेळतं कोण?”

“मी.”

त्यानं माझ्यामागं उभ्या भाऊजींकडं बघितलं. भाऊजींनी छताकडं बघितलं.

त्याचं म्हणणं असं की दोष कार्डाचा नाही, कंप्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा आहे. दाट चित्र आलं की कार्ड एकदम जास्त वीज मागतं, आणि तुझ्या जुन्या डब्याला तेवढा दम नाही, म्हणून तो जीव वाचवायला मान टाकतो. भाऊजी म्हणाले, “वैनी, हजार वॅटचाच घ्या. मोटार कुणी बारकी घेतंय व्हय?” मला भीती की हजाराचा डबा दिवसभर हजार खात बसेल आणि मीटर पळेल. दुकानदार म्हणाला, कार्ड मागेल तेवढंच डबा देतो. म्हणजे पातेलं मोठं असलं तरी पाहुणा भूक असेल तेवढंच जेवतो, हे मला पटलं. मग त्यानं कार्डाची भूक, बाकी यंत्राची भूक आणि वर थोडी मोकळीक धरून साडेसहाशे सांगितले.

पण साडेसहाशेचेही दोन निघाले. एक पापडाच्या डब्याइतका हलका, गॅरंटी एका दिवाळीपुरती. दुसरा वरवंट्यासारखा जड, त्याची गॅरंटी माझ्यापेक्षा लांबची वाटली. त्यावर ‘८० प्लस’ असं छापलेलं. मी म्हटलं, मला अजून सत्तर पण न्हाईत. तो बिचारा हसला नाही. वीज वाया कमी जाते त्याची ती खूण आहे म्हणाला. मी भाच्याला विचारून सांगते म्हणून उठले. तर आता तू सांग, साडेसहाशे पुरेल का, आणि जड घ्यावा का हलका?

परत येताना गाडीत मला ते जुने दिवस आठवले. तू खेळायला बसलास की मामा मागं खुर्ची टाकून बसायचे. “क्लच कुठाय रे?” विचारायचे. तू म्हणायचास यात क्लच नसतो. “मग हिला गाडी कशाला म्हणायलास?” म्हणायचे, तरी उठून जायचे नाहीत. समोर काही आडवं आलं की ब्रेक तू मारायचास आणि पाय त्यांचा फरशीवर धपकन दाबला जायचा. मी स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकायची. रिटायर झालेला माणूस घरात आहे हे मला त्या आवाजावरून कळायचं.

असो. उत्तर सवडीनं दे, पण दे.

तुझी,
नर्मदाआत्या

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि तेवढ्यात भाऊजी कंप्युटर घेऊन परस्पर परभणीला गेले, तो जड डबाच बसवून आणला. (हजाराचा मिळाला नाही याचं त्यांना अजून वाईट वाटायलंय.) तेव्हा वर विचारलेल्याचं उत्तर देऊ नकोस. गाडी सोनपेठला पोचली, वळणावर हूं की चूं नाही.

पुन्हा ता. क. खरं लिहायचं ते राहूनच गेलं. माझी नोकरी सोनपेठच्या शाळेत होती तेव्हा मी मामांच्याच गाडीनं जायची, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. त्या खेळात एक बटण आहे, ते दाबलं की आपण त्या सीटवर जातो. नव्या कार्डावर ड्रायव्हरच्या खाकी सदऱ्याची इस्त्रीसुद्धा दिसते. पण मी मागं गेले की तो नुसता बसून राहतो, स्टिअरिंग फिरवायला कुणी राहत नाही. भाऊजींना बसवून बघितलं, त्यांनी बस ट्रॅक्टरसारखी सरळ उसात घातली. तर दिवाळीला दोन दिवस जास्त काढून ये. चालव तू. मला नुसतं बसायचंय.