॥ श्री ॥ आणि साडेपाचचं पाणी

२० एप्रिल, रविवार
पहाटे पाचला नळ आला. सेक्रेटरी म्हणून नेहमीप्रमाणे मीच जिने चढून सोसायटीतली एकेक बेल वाजवली. गुडघे बोलायला लागलेत. बास आता. सॉफ्टवेअर घेतलंय, तर सगळ्या फ्लॅटना आदल्या संध्याकाळी एका दमात मेसेज जाईल असा बॅच जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणारं काम, लावतो. गुरुवारच्या पाण्याला मी झोपलेला असेन.

२१ एप्रिल
प्रॉपर्टीज फाइल केली. साधी टेक्स्ट फाइल. डावीकडे सेटिंगचं नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग आपल्याला हवं ते. चेअरमन गंगाधररावांना सांगितलं, तर म्हणाले, कुठली प्रॉपर्टी? बिल्डरनं लिहून दिली की काय? जाऊ दे. कोऱ्या फाइलवर आधी ॥ श्री ॥, त्याच ओळीत पहिली सेटिंग: फोन नंबर कुठे ठेवलेत ते.

२२ एप्रिल
जॉब बंद. नंबर सापडत नाहीत म्हणे. माझ्या डोळ्यांसमोर आहेत! ऊन फार, कॉम्प्युटर तापला असणार. खिडकीला ओली चादर बांधली.

२३ एप्रिल, दुपार
सॉफ्टवेअरवाल्या रेश्मा मॅडमना फोन. म्हणाल्या, काका, मशीन श्रींनाच सेटिंगचं नाव समजतंय. ते काढा, नाहीतर ओळीच्या सुरुवातीला हॅश, म्हणजे # हे चिन्ह, द्या. हॅशची ओळ मशीन वाचतच नाही. श्री काढणं शक्य नाही. हॅश दिला. तरी तेच! पुन्हा फोन. अख्खी ओळच वगळली गेली, श्रींनंतर एंटर मारायचा होता. हे आधी सांगायला काय झालं होतं? मारला. चालला! वेळ टाकली साडेपाच. मजकूर: उद्या पहाटे पाचला पाणी. बायकोला, यशोदेला म्हटलं, माझा अलार्म काढून टाक, मेसेज आला की पाणी तू भर.

२४ एप्रिल, गुरुवार
काल संध्याकाळी मेसेज गेला का, पाहिलं नाही. विश्वास म्हणून काही असतो.
गेला आज पहाटे साडेपाचला. नळ चालू असताना. सगळ्यांनी 'उद्या' वाचलं आणि कूस बदलली. सातला पाणी गेलं. अख्ख्या सोसायटीची पिंपं कोरडी, आमचीही. यशोदेनं रिकामी कळशी माझ्या उशाशी आणून ठेवली. साडेपाच म्हणजे संध्याकाळचे, एवढंही मशीनला कळू नये?

२५ एप्रिल
मीटिंग. ठरलं: बॅच जॉब बंद, नळ आला की शिट्टी. वॉचमन चन्नप्पा वाजवेल, असं मी सुचवलं. तो म्हणाला, मला गेट सोडता येत न्हाय सायेब, तुमी पाचला उठताच की. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
दमलो. शिट्टी घरी आणली. सवयीनं तिच्यावर पेननं ॥ श्री ॥ लिहिलं. यशोदेची पाठ फिरल्यावर श्रींच्या आधी बारीकसा हॅशही काढला.