लग्नातलं कपाट उघड्यावर

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की मनातल्या मनात तुझ्याशी बोलायची सवयही मोडत चालली होती. पण या मे महिन्यात मी आमच्या स्वयंपाकघरातलं जुनं लाकडी कपाट सोसायटीच्या कंपाउंडमध्ये नेऊन ठेवलं. त्याच्या पायांखाली विटा सरकवायला वाकले, तेव्हा तू मागे उभी राहून "अजून थोडी आत घे" म्हणतेयस असं वाटलं. तेव्हापासून तुला सांगायचं साठत गेलंय.

नवघरला आपण राहायचो तेव्हा तुझी बालवाडी देवळामागच्या शेडमध्ये भरायची. वर पत्रा, मागे भिंत, बाकी सगळं उघडं. पाट्या, ठोकळे, चित्रांचे तक्ते, सगळं तू रोज पिशव्यांतून न्यायचीस आणि परत आणायचीस. पाठ दुखायला लागली म्हणून सामान तिथेच कोपऱ्यात ठेवायला लागलीस, तर देवळाची व्यवस्था बघणारे काका घरी आले. दारातूनच म्हणाले, "बाई, सामान असं पडलेलं चालणार नाही. काहीतरी सोय करा, नाहीतर वर्ग दुसरीकडे न्या." दुसरीकडे जागा कुठे होती? त्या मुलांच्या आया स्टीलच्या कारखान्यांत कामाला जायच्या. वर्ग बंद झाला असता, तर मुलं दिवसभर खोलीत कोंडली गेली असती. त्या संध्याकाळी तू कपाटातल्या साड्या काढून ट्रंकेत भरायला लागलीस. बाबा बघत राहिले. "लग्नातलं कपाट आहे ते. उघड्यावर ठेवणार? आठ दिवसांत फुगेल." तू हातातली साडी खाली न ठेवता म्हणालीस, "मग फुगणार नाही असं करू." रविवारी मात्र डांबराचा डबा आणि पत्र्याचा तुकडा घेऊन बाबाच आधी शेडवर जाऊन बसले होते.

तो रविवार मला अजून दिसतो. बाबा कपाट आडवं करून तळाला आणि पायांना डांबर फासतायत, तू पाठीमागची प्लाय काढून तिथे पत्रा ठोकतेयस, मी पायांखाली घालायला विटा आणतेय. पाणी पुढे ओघळून जावं म्हणून वरचा पत्रा तिरका आणि दारांच्या बराच बाहेर काढलाय. दारावरचा आरसा काढून टाकू या असं बाबा म्हणाले, तर तू तो दाराच्या आतल्या बाजूला लावून घेतलास. सकाळी दार उघडलं की मुलं रांग लावून त्यात बघायची, आणि तू कंगवा घेऊन एकेकाचे केस विंचरायचीस.

तरी पहिल्या पावसाळ्यात कपाट हरलंच. दारं फुगून बसली, ओढून उघडली तर आत तक्त्यांवर बुरशी. देवळातले काका येऊन बघून, मान हलवून गेले. मला वाटलं, आता तू रडशील. तू तक्ते पुसून चुलीजवळ सुकवलेस आणि पाऊस उघडायची वाट बघितलीस. ऊन पडल्यावर मी उत्साहाने ब्रश घेऊन दाराला ऑइलपेंट लावायला घेतला, तर तू माझा हातच धरलास. "ओल्या लाकडावर रंग लावतेस? आतलं पाणी बाहेर कुठून येईल?" आवाज चढला होता तुझा. मला राग आला होता. मग तू मला शेजारी बसवून सांगितलंस की आपण त्याला सगळीकडून बंद केलं, तेच चुकलं; आपल्याकडची हवा खाडीची, खारी आणि ओली, ती आत शिरणारच, तर तिला बाहेर पडायलाही वाट हवी. सुताराकडून तू दारांना थोडा रंधा मारून घेतलास, खाली आणि वर भोकं पाडून घेतलीस, झुरळं शिरू नयेत म्हणून भोकांना जाळी मारलीस. गंजलेल्या बिजागऱ्या काढून पितळी लावल्यास. रंग दिला तो लाकडाने कडकडीत ऊन खाल्ल्यानंतरच. ते कपाट मग कधी फुगलं नाही. शेड पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली, तोपर्यंत तुझा वर्ग त्याच जागी भरत होता.

मी आता मीरा रोडला राहते. आमच्याकडे कामाला येणारी बाई एक दिवस दारात आली ती डोळे पुसतच. कामाला येणाऱ्या सगळ्या बायकांनी पिशव्या गेटपाशी खाली ठेवायच्या असा नियम आहे, आणि तिचा डबा कुत्र्याने ओढून नेला होता. "डब्याचं काय नाय ताई," ती म्हणाली, "पण आमचं सामान कुत्र्यासमोर ठेवायचं का?" नवीन किचन करून घेतलं होतं, जुनं कपाट गॅलरीत पडून होतं. ते गेटपाशी बायकांच्या सामानासाठी ठेवू का असं सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, तर ते म्हणाले, "आंटी, घर का फर्निचर है, बाहर सड़ जाएगा." मी म्हटलं, "नहीं सड़ेगा. एक बारिश देख लो, फिर बोलना."

डांबर, विटा, तिरका पत्रा, जाळी, सगळं तू केलं होतंस तसं केलं. डांबर लावायला ती बाईही माझ्याबरोबर बसली. प्रत्येकीचा कप्पा, प्रत्येकीचं कुलूप, बाजूला छत्र्यांसाठी हुक. पाऊस येऊन गेला. परवा सेक्रेटरी स्वतः दार उघडझाप करून बघत होते, आणि आता त्यांना वॉचमनच्या सामानासाठीही असंच एक हवंय. त्या बायका आता दुपारी कपाटाशेजारी बसून एकत्र जेवतात. परवा मलाही हाक मारून बसवलं, ताटलीत सुकटीची चटणी वाढली. फार वर्षांनी कुणीतरी मला हाताला धरून जेवायला बसवलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, त्यामुळे एक सांगून टाकते. सगळे विचारतात, "ताई, हे तुम्हाला सुचलं कसं?" मी "सुचलं असंच" म्हणते. तुझं सांगायला लागले तर रडेन, आणि गेटपाशी सगळ्यांसमोर रडायला मला अजून लाज वाटते.