खिडकीतलं सोनेरी तेल

२९ ऑक्टोबर, सकाळ
डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दाखवला. कोलेस्टेरॉल चढलेलं. मार्चमध्ये पुन्हा तपासणार, उतरलं नाही तर गोळ्या, त्याही जन्मभर. म्हटलं, बाई, क्रीट बेटावरच्या माणसाला गोळ्या? आमच्या अंगात रक्त कमी आणि ऑलिव्हचं तेल जास्त. त्या म्हणाल्या, आजोबा, रिपोर्टात तेच तर कुठे दिसत नाहीये.

संध्याकाळ
शेजारच्या कनाकिसचा रिपोर्ट म्हणे उत्तम. माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच खादाड. कॉफीच्या दुकानात खिशातून काढून सगळ्यांना दाखवत होता. बायकोचा फोटो कधी खिशात ठेवला नाही मेल्याने. वर मला म्हणतो, सिफिस, लेका, माझं तेल नेत जा, सुधारशील. त्याचं तेल, माझ्या घरात! माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिच्या अंगाला तेल चोळणारा धर्मपिता हाच. तेव्हाही स्वतःचंच तेल घेऊन आला होता. मी विसरलेलो नाही.

निश्चय: रोज उपाशीपोटी कॉफीचा कप भरून तेल. आपल्याच झाडांचं. मार्चमध्ये बघून घेतो.

३ नोव्हेंबर
कनाकिसने झाडांखाली जाळ्या अंथरून फळं झोडलीसुद्धा. फळं अजून हिरवीगार. घाई नडणार.
घाण्यावर गेलो, सहजच. त्याच्या एवढ्या पोत्यांचं तेल निघालं जेमतेम. रिवाजाप्रमाणे त्याने भाजलेल्या पावावर नवं तेल ओतून सगळ्यांना दिलं. कडू जहर! घशाला असं झोंबलं की मला खोकला आवरेना. कनाकिस म्हणाला, खोकला आला म्हणजे तेल बोलतंय. मी म्हटलं, बोलत नाही, शिव्या देतंय.
मी थांबणार. फळं काळी होऊ देत, तेल दुप्पट.

१४ जानेवारी
फळं मस्त काळी. आठवडाभर पोत्यांत भरून अंगणात रचतोय. सगळी एकदम न्यायची, म्हणजे गाडी गावभर दिसेल. एवांथिया कुरकुरते, अहो, पोती आतून गरम लागतायत. बायकोला काय कळतं. ऊब चांगली.

२१ जानेवारी
तेलच तेल! रंग सोन्याचा. घशाला अजिबात टोचत नाही, लोण्यासारखं उतरतं. काचेचे बुधले भरून दक्षिणेच्या खिडकीत मांडले, कनाकिसच्या ओट्यासमोर. ऊन पडलं की अख्खी गल्ली पिवळी होते. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, आत ठेव रे, उन्हाने मरेल ते.
जळला. त्याचं तेल तळघरात, पत्र्याच्या डब्यात. दाखवण्यासारखं नसलं की लपवतात.

९ फेब्रुवारी
कप नियमित चालू. तब्येत तगडी. पोटात तेल असलं की चीजचा तुकडा जरा मोठा घ्यायला हरकत नाही, तेल सगळं धुऊन काढतं. डुकराच्या मांसाचंही तेच. एवांथिया म्हणाली, अहो, तेल चरबीच्या ऐवजी खायचं असतं, चरबीच्या वर नाही. हे तिला कोणी शिकवलं? कनाकिसच्या बायकोने. घरातच हेर.

४ मार्च
ईस्टरचे उपवास लागले. मांस, चीज बंद. कडक पाळणाऱ्यांना तेलसुद्धा. माझा कप औषधाचा, त्याला पाप नाही. चीज औषधाबरोबर, चवीपुरतं. पाद्रीबाबांना विचारलं नाही. आधीच त्यांना काय कमी व्याप आहेत?
कनाकिस रानभाजी उकडून खातो आणि शीळ घालत टेकडी चढतो. मुद्दाम माझ्या खिडकीखालून.

२० मार्च
रक्त देऊन आलो. विजय नक्की. कॉफीच्या दुकानात सांगून ठेवलं, रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचणार. कनाकिसला खास आमंत्रण.

२३ मार्च
डॉक्टरीणबाई स्वतःच घरी आल्या. म्हणाल्या, चारचौघांत वाचू नका म्हणून आले. उतरलं नाही. चढलंय.
म्हटलं, मशीन बिघडलं असेल. त्यांची नजर खिडकीकडे. एक बुधला उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं. खवट अक्रोडासारखा येतो म्हणे. एवांथियाने काळ्या फळांचं, पोत्यांचं, चीजचं सगळं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, घशाला झोंबतं ना, आजोबा, तेच गुणाचं असतं. थोडं फळं पिकेपर्यंत गेलं, थोडं पोत्यांत, उरलेलं या उन्हात. आता राहिलं नुसतं वंगण, आणि त्यावर तुमचं चीज. हे दिव्यात घाला.
गोळ्या सुरू. कॉफीच्या दुकानात गेलो नाही. पाय दुखत होता.

२४ मार्च
बुधले देवळात दिले. पाद्रीबाबा खूश. संतांना कोलेस्टेरॉल नसतं. दिवा असा झळाळला, कनाकिसच्या तेलाला कधी जमलं नसतं.
दुपारी तो पत्र्याचा डबा घेऊन आला. रिपोर्टाचं विचारलं नाही. त्यानेच पाव भाजला, तेल ओतलं. मला खोकला आला, डोळ्यांत पाणी. म्हटलं, सर्दी झालीये. तो पाठ चोळत म्हणाला, हो रे, गावात साथच आहे. आणि स्वतःही खोकला.
तो गेल्यावर एवांथिया म्हणाली, डबा तळघरात ठेवते. म्हटलं, मुळीच नको, त्याचं ऐकलं असं वाटेल त्याला.
पलंगाखाली ठेवला. तिथेही अंधारच असतो.